माळ्यावरची काडतुसांची पेटी: खरी का, किती रुपयांची, आणि घासायची का?

तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. साताऱ्याजवळच्या गावी जुन्या घराच्या माळ्यावर तुम्हाला एक लाकडी पेटी सापडली. आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि 1946 मध्ये घरी परतले. पेटी त्यांनी इटलीहून आणली असं घरात सगळे सांगतात. फळीवर '1918' डागलेलं आहे, त्याच्यावर पुसट काळ्या रंगात .303 (ब्रिटिश रायफलीच्या काडतुसाचं माप), रोमन आकड्यात सात, '1941' आणि 'किर्की' अशी अक्षरं दिसतात. आत कथिलाच्या पत्र्याचं फाटकं अस्तर आहे. एका बाजूचा दोरीचा कान शाबूत आहे, दुसरा गेलाय. शेजारी एक हिरवी लोखंडी पेटीही होती, तिच्यावर उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत. भंगारवाला दोन्हींचे मिळून 400 रुपये म्हणाला, घरसजावट करणाऱ्या एक बाई एकट्या लाकडीचे 12,000 द्यायला तयार आहेत, आणि तुमचे काका म्हणतात की पॉलिशपेपरने घासून, वर काच टाकून चहाचं टेबल करू.

काकांना थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

पण सगळ्यात आधी, पेटीच्या आत काही शिल्लक आहे का ते नीट बघितलंत का? कथिलाचं अस्तर आणि लाकूड यांच्या मधल्या फटीत एखादं काडतूस अडकून राहिलेलं मी दोनदा पाहिलंय. तसं दिसलं तर उचलू नका, खिशात घालून पोलीस चौकीत नेऊ नका, 112 ला फोन करून त्यांनाच बोलवा. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं गुन्हा आहे, आणि ते आजोबांचं होतं ही सबब तिथे चालत नाही. त्या कायद्यात दारूगोळ्याचे सुटे भागही येतात, म्हणून रिकाम्या पुंगळ्याही मी संग्रहात ठेवत नाही. रिकामी पेटी मात्र पेटीच असते. लष्कराच्या गोळीबार मैदानांच्या आसपासच्या गावांत भंगार म्हणून न फुटलेले गोळे उचलून, ते फोडताना माणसं मेली आहेत. म्हणून पेटीच्या नादात त्याच भंगारवाल्याकडे 'आणखी काही आहे का' असं विचारू नका.

आता 'किर्की'. हे आपल्या खडकीचं इंग्रजांनी केलेलं स्पेलिंग. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा आहे. आज तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे, आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे. तिथल्या .303 काडतुसांच्या बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं, मध्ये ब्रिटिश सरकारी मालाचा बाण, असा ठसा असे. चोरबाजारातल्या एका दुकानदाराने 'किर्की' वाचून ते स्कॉटलंडमधलं गाव आहे असं मला छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि विलायती माल म्हणून दाम दुप्पट केला होता. मी पुण्याचा आहे हे त्याला सांगितलं नाही. पेटीही घेतली नाही.

म्हणजे तुमची पेटी इटलीहून आली ही गोष्ट डळमळली. वाईट वाटून घेऊ नका. खडकीत भरलेला माल बोटीने बाहेरच्या आघाडीवर जात असे हे खरं, त्यामुळे पेटी इटलीला गेलीच नाही असं मी म्हणणार नाही. पण शिपाई परतताना ट्रंक नाहीतर पथारी आणायचा, दारूगोळ्याची मोकळी पेटी बोटीवर चढवून कोण आणणार? आपल्याकडच्या घरांत या पेट्या आल्या त्या बहुतेक लढाईनंतरच्या लिलावांतून. 1945 नंतर डेपोंनी शिल्लक सामान ढिगाने काढलं, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात, कॅम्पात ते पेटीमागे काही आण्यांना मिळत असे असं माझे वडील सांगायचे. धान्य ठेवायला, आंब्याच्या अढीला, दुकानात गल्ला म्हणून लोकांनी त्या नेल्या. आजोबांनीही पलटणीतून सुटल्यावर पुण्यातून घेतली असावी.

मग 1918 आणि 1941 असे दोन सन एकाच पेटीवर कसे? पहिल्यांदा पेटी हातात घेणारा इथेच फसतो, आणि दोन सन म्हणजे बनावट असं ठरवून मोकळा होतो. उलट आहे. लाकडात डागलेला किंवा ठोकलेला सन बहुधा पेटी बनवल्याचा असतो, रंगाने छापलेला सन माल भरल्याचा. चांगली पेटी लष्कर फेकत नसे. परत आली, दुरुस्त केली, जुनी अक्षरं रंगाने बुजवली, नवी छापली, पुन्हा भरली. माझ्याकडे एक आहे, तिच्यावर तीन वेळा भरल्याच्या खुणा एकावर एक आहेत, खालच्या थराचं वरच्याला माहीत नाही. तेव्हा सन एक का दोन हे सोडून द्या. पेटीवरच्या सगळ्या खुणा एकमेकींशी भांडत नाहीत ना, एवढं तपासा. ज्याला हे तपासता येतं त्याला कोणी फसवू शकत नाही.

तुमच्या पेटीचंच घ्या. .303 चं मार्क 7 (म्हणजे सातव्या आवृत्तीचं) हे काडतूस ब्रिटिश सैन्यात 1910 मध्ये आलं. त्यामुळे 1918 च्या पेटीत 1941 साली मार्क 7 भरलं यात काही वावगं नाही. हेच जर कोणी '1905, मार्क 7' अशी पेटी दाखवली आणि दोन्ही एकाच रंगात, एकाच हाताने छापलेले असतील, तर नमस्कार करून बाहेर पडा. आकड्याच्या पुढे इंग्रजी झेड दिसला तर आतल्या काडतुसांत नेहमीच्या कॉर्डाइट नावाच्या दारूऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू होती असं समजायचं. मार्क 8 झेड हे विकर्स मशीनगनचं. बाण पाहा. नुसता बाण ब्रिटिश, इंग्रजी सी अक्षराच्या पोटात बाण कॅनडाचा, दोन डींच्या मध्ये बाण ऑस्ट्रेलियाचा. आणि 7.62 मिलिमीटर लिहिलेली पेटी 'महायुद्धातली' म्हणून भारतीय माणसाने विकावी याचं मला नेहमी हसू येतं, कारण ते काडतूस आपल्या सैन्यात आलं 1960 च्या दशकात, एसएलआर रायफलीबरोबर. वर्तुळात फुली हे नाटोचं चिन्ह, आणि नाटोच मुळी 1949 ची. पेटीवर संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाचा क्रमांक असेल (लहान काडतुसांचा 0012 असतो), नाहीतर नारिंगी चौकटीत '1.4 एस' हा धोक्याचा वर्ग असेल, तर ते छापकाम महायुद्धानंतर बऱ्याच वर्षांनी झालेलं आहे.

तुमच्या तिसऱ्या फोटोत बिजागरीला दोन स्क्रू अधिक चिन्हाच्या खाचेचे आहेत. हा स्क्रू अमेरिकेत 1930 च्या दशकात बाजारात आला. 1918 च्या खडकीच्या पेटीत तो मुळात असूच शकत नाही. बाकीचे चार स्क्रू एका सरळ खाचेचे, पितळी आणि काळवंडलेले आहेत. म्हणजे बिजागरी नंतर कधीतरी निखळली आणि गावच्या सुताराने हातात आलं ते ठोकलं. दुरुस्ती आहे, बनावट नाही. ते दोन स्क्रू बदलायच्या भानगडीत पडू नका. जुन्यासारखे दिसणारे नवे स्क्रू लावले की जाणकाराचा संशय वाढतो.

लोखंडी पेटीकडे तुम्ही दुर्लक्ष केलंत, पण मला ती जास्त गमतीची वाटते. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बाजूच्या पत्र्यातच उठावाने 'कॅलिबर .30, एम 1' आणि जळत्या बॉम्बचं चिन्ह दिसतंय. तो अमेरिकेच्या ऑर्डनन्स, म्हणजे शस्त्रसामग्री खात्याचा बॉम्ब. या एम 1 पेटीत ब्राउनिंग मशीनगनचा 250 काडतुसांचा पट्टा बसे. तिची थोरली बहीण एम 2, ती .50 ची. आज बाजारात जी सगळीकडे दिसते ती एम 2 ए 1, युद्धानंतरची, तिच्यात .50 ची जोडलेली 100 काडतुसं बसतात. अजूनही नव्या निघतात, म्हणून तिला संग्राहकाच्या दृष्टीने काही भाव नाही, पाने-पकडी ठेवायला मात्र उत्तम. एम 1 वर जळत्या बॉम्बजवळ किंवा बुडाला बनवणाऱ्याचं नाव असतं: रीव्ह्ज, कॅन्को, क्राउन. तेवढं शोधून ठेवा. ही साताऱ्यापर्यंत कशी आली? युद्धात अमेरिकेचं मोठं सैन्य आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी भारतात होतं, आणि जाताना त्यांनी शिल्लक माल इथेच काढला. त्यात नवल काही नाही.

ब्रिटिशांच्या लोखंडी पेट्यांवर इंग्रजी अक्षर, आकडा आणि मार्क अशी जोडी असते, उदाहरणार्थ 'बी 166 मार्क 2'. पेटी कुठली ते या नमुना-क्रमांकावरून ठरतं, आत काय होतं ते रंगाच्या छापावरून. अशा पेटीचा हिरवा रंग उडालेल्या जागी तपकिरी थर दिसला तर दचकू नका. ब्रिटिशांनी युद्धाच्या मधल्या वर्षांत बरंच सामान तपकिरी रंगवलं आणि 1944 पासून ऑलिव्ह हिरव्याकडे वळले. खाली तपकिरी, वर हिरवा: मला असा पोपडा दिसला की बरं वाटतं.

बनावटीचं एक-दोन वाक्यांत सांगतो, कारण आपल्याकडे 'बनावट' म्हणण्यापेक्षा 'शोभेचा माल' म्हणणं रास्त. आंब्याच्या नाहीतर पाइनच्या लाकडाच्या नव्या पेट्या करून, चहाच्या पाण्याने जुनाट करून, वर '1943' आणि काहीतरी लष्करी छापून त्या सर्रास विकल्या जातात. ओळखायचं असं. खरी अक्षरं ओरखड्यांच्या खाली असतात, खोटी ओरखड्यांवरून जातात. खऱ्या पेटीचा तळ आणि कडा जास्त झिजलेल्या, खोटीची झीज सगळीकडे सारखी. आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्या. नवं लाकूड कितीही रंगवा, कापल्याचा वास आत राहतोच.

आता पैशाचं. किंमत ठरवताना मी पेटीकडे बघायच्या आधी ती पेटीच नाही असं समजतो. तेवढ्याच मापाची साधी मजबूत लाकडी पेटी सुताराकडून करून घेतली तर काय पडेल? ती झाली खालची पातळी. त्याखाली विकायची नाही, भंगारवाल्याला तर नाहीच. त्यावर जो काही भाव चढतो तो अक्षरांचा. अक्षरं वाचता येतात आणि जुळतात, तर किंमत दुप्पट-तिप्पट होते. अक्षरं घासून गेली, तर उरते फक्त सुताराची पेटी. काकांच्या हातातला पॉलिशपेपर म्हणूनच मला कोणत्याही वाळवीपेक्षा भयंकर वाटतो.

त्याखालोखाल पेटी पुरी आहे का हे. झाकण नसेल तर माझ्या हिशोबाने अर्धी किंमत गेली. कथिलाचं अस्तर फाटकं का होईना पण आहे, ही जमेची बाजू. बहुतेकांनी ते उपटून विकलेलं असतं. दोरीचा एक कान गेला, फार बिघडत नाही, पण नायलॉनची दोरी ओवू नका. हातबॉम्बच्या पेट्यांत हा मुद्दा ठळक दिसतो. 36 नंबरच्या मिल्स बॉम्बची लाकडी पेटी 12 बॉम्बची. पेटवणीच्या सरंजामाचा छोटा डबा आणि बुडाचं बूच फिरवायची चावी तिच्यातच जात असे. नुसती पेटी अधूनमधून मिळते. रिकाम्या डब्यासकट आणि चावीसकट मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि मालकाने सांगितलेला आकडा ऐकून चहा पिऊन परत आलो.

लाकडी पेट्या लोखंडीपेक्षा महाग का, असं तुम्ही विचारलंय. कारण त्या जळल्या. रिकामी पेटी म्हणजे आयतं सरपण, कुठल्याही पलटणीने कुठल्याही थंड रात्री तेच केलं. उरल्या त्या गावोगावी ज्वारी भरून ठेवल्या गेल्या, म्हणून वाचल्या.

आणि गोष्टींचा भाव. पेटीबरोबर कहाणी विकणारे फार. 1879 मध्ये दक्षिण आफ्रिकेत इसांडलवानाला झुलूंनी ब्रिटिश फौज कापून काढली. त्यानंतर एक आख्यायिका पसरली की मार्टिनी-हेन्री रायफलीच्या 600 काडतुसांच्या पेट्या तांब्याच्या पट्ट्यांनी आणि स्क्रूंनी इतक्या घट्ट होत्या की वेळेत उघडल्याच नाहीत. प्रत्यक्षात त्या पेटीच्या झाकणाचा मधला सरकता तुकडा एका स्क्रूवर होता, आणि बंदुकीच्या दस्त्याचा नीट एक फटका बसला की लाकूड फुटायचं. तरी त्या नमुन्याची कुठलीही पेटी आज 'झुलू पेटी' म्हणूनच मिरवते, जरी तिने आफ्रिका पाहिली नसेल. आपल्याकडे तसं 14 एप्रिल 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाचं होतं. फोर्ट स्टिकीन बोट फुटली, सोन्याच्या विटा शहरात उडाल्या हे खरं; पण काजळी लागलेली प्रत्येक पेटी 'गोदीतून वाचलेली' नसते. कागद, फोटो, पलटणीच्या नोंदी असतील तर कहाणीला पैसे मोजावेत. नुसत्या तोंडी कहाणीला मी चहा पाजतो.

तुमच्या बाबतीत आजोबांचं सर्व्हिस बुक आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याचा आणि पेटीचा एकत्र फोटो काढून ठेवा. दोघांचा थेट संबंध त्याने सिद्ध होत नाही, पण पेटी त्या घरातली आहे हे तरी सिद्ध होतं.

आज, जशी आहे तशी, लाकडी पेटीला मी स्वतः आठ ते दहा हजार देईन आणि लोखंडीला दोन हजारांच्या आसपास. हा माझा अंदाज आहे, बाजाराचा दर नव्हे. असा दर आपल्याकडे लिहिलेला कुठे मिळत नाही. त्या बाईंचे 12,000 जास्त आहेत, पण त्या पेटी नाही, टेबलाचे पाय विकत घेतायत. अक्षरं ठेवणार का विचारा. ठेवणार असतील तर व्यवहार वाईट नाही.

परदेशातला गिऱ्हाईक गाठायचा विचार असेल तर मात्र थांबा. 1972 च्या पुरावशेष कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाची, 100 वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमच्या पेटीवर 1918 डागलेलं आहे, शंभरी कधीच उलटली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घेतल्याशिवाय कुरिअरवाल्याकडे जाऊ नका. इथल्या इथे घेतानाही अलीकडचा सन असलेली लष्करी पेटी लिलावाच्या पावतीशिवाय घेऊ नका; ती कुठल्या डेपोच्या कुंपणावरून आली कोण जाणे.

आता साफसफाई, जी खरं म्हणजे जवळजवळ काहीच न करण्याची कला आहे. मऊ कोरडा ब्रश, जुना सुती कपडा, बस. पाणी नाही, साबण नाही, रॉकेल तर अजिबात नाही, ते अक्षरांचा रंग सोडवतं. अक्षरं वाचायची असतील तर रात्री दिवे बंद करून टॉर्च फळीला लागून तिरपा धरा. दिवसा न दिसणारं बरंच दिसतं. फोनवर फोटो काढून काळा-पांढरा करा आणि गडदपणा वाढवा. तुमच्या '1941' च्या खाली आणखी एक ओळ आहे असा मला संशय आहे. तळाला घुणाची बारीक भोकं दिसतात, त्यांतून ताजा भुसा पडतोय का ते आठवडाभर खाली काळा कागद घालून बघा. पडत असेल तर औषध इंजेक्शनच्या सुईने भोकात, तेही आतल्या बाजूने. लोखंडी पेटीच्या गंजावर मशीनच्या तेलाचं बोट फिरवा, सँडपेपर नको. पावसाळ्यात दोन्ही पेट्या जमिनीपासून विटेवर उचलून ठेवा, आणि लोखंडीचा चाप लावून झाकण आवळून ठेवू नका, आत रबर असेल तर ते चिकटून बसतं. जुन्या लष्करी रंगांत शिसं असू शकतं आणि लाकडाला काय पाजलंय ते सांगता येत नाही, त्यामुळे धान्य, कपडे किंवा नातवंडांची खेळणी यांत ठेवायची नाहीत. आजोबांनी ठेवलं, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटचं, तुमच्या पाचव्या फोटोबद्दल. झाकणाच्या आतल्या बाजूला 'कसलेसे ओरखडे' आहेत असं तुम्ही लिहिलंत. मी तो फोटो मोठा करून पाहिला. ते ओरखडे नाहीत, शिसपेन्सिलीचं लिखाण आहे. 'जोंधळा', मग पायलीचे आकडे, खाली एक नाव, त्यापुढे 'बाकी'. त्याखाली आणखी तीन-चार ओळी मला लागल्या नाहीत, मोडी वाटतात. गावात मोडी वाचणारं कोणी असेल तर दाखवा, आणि तोपर्यंत त्या झाकणाला कोरडा कपडासुद्धा लावू नका.